ह्रास्तोव्ल्येचं कुलूपबंद चर्च, आतली सांगाड्यांची रांग आणि माझी आई

मीठभाकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, सांभाळून घ्या. नवऱ्याचं काम वर्षभर इटलीत त्रिएस्तेला होतं (तिथे अब्दुस सलाम यांनी १९६४ साली सुरू केलेली फिजिक्सची संस्था आहे, भारतातली बरीच मंडळी येत जात असतात), म्हणून आम्ही तिकडे होतो आणि एप्रिलात आई आली होती दोन महिने. आई म्हणजे तासगावची, बासष्ट वर्षांत पहिल्यांदा विमानात बसलेली. तिला व्हेनिस दाखवलं, तर "पाण्याचा वास येतो" म्हणाली. पोस्तोय्नाची गुहा दाखवली, "गारठा फार". मग एका रविवारी नवरा म्हणाला की सीमेपलीकडे स्लोव्हेनियात ह्रास्तोव्ल्ये नावाचं गाव आहे, तासाच्या आतला रस्ता, तिथे एक छोटंसं जुनं चर्च आहे आणि आतून सगळं रंगवलेलं आहे. मी म्हटलं आई कंटाळेल, तो म्हणाला मग येताना आइस्क्रीम खाऊ.

तर गाव म्हणजे काय, टेकडीच्या पायथ्याशी दगडी घरं, द्राक्षांचे मळे, ऑलिव्ह, आणि मागे कार्स्टचा (चुनखडीच्या पठाराचा) तो पांढराफटक कडा. चर्च लांबून दिसतच नाही हो! दिसते ती एक उंच दगडी भिंत, गढीसारखी, कोपऱ्यांना बुरूज, आणि भिंतीच्या वर फक्त घंटेच्या मनोऱ्याचं टोक. सोळाव्या शतकात तुर्कांच्या धाडींच्या भीतीने चर्चभोवती हा कोट बांधला, गावातले लोक आत येऊन लपायचे. आई लगेच म्हणाली "म्हणजे आपली गढीच की".

आणि दाराला कुलूप. फलकावर फोन नंबर होता, नवऱ्याने फोन केला, पंधरा-वीस मिनिटांनी एक बाई किल्ल्या घेऊन आल्या. तोवर आम्ही कोटाच्या सावलीत दशम्या खाल्ल्या.

आत गेलो आणि अक्षरशः आवाज बंद झाला आमचा. अकरा-बारा मीटर लांबीची खोली धरा, एखाद्या वाड्यातल्या ओसरीएवढी, तीन भाग, मधे खांब, वर गोल कमानींचं छत, आणि एक वीत जागा रिकामी नाही. छताला सृष्टीची निर्मिती, आदम, ईव्ह, केन आणि आबेल, एका भिंतीला तीन राजे येशूला भेटायला निघालेत घोडेबिडे घेऊन, समोरच्या भिंतीला येशूचा छळ आणि क्रूस, आणि त्याच्या खाली, बरोबर माणसाच्या नजरेच्या टप्प्यात, ती प्रसिद्ध 'मृत्यूच्या नाचा'ची रांग. एक सांगाडा एक माणूस, एक सांगाडा एक माणूस, हातात हात घालून चाललेत. पोप आहे, राजा आहे, राणी, कार्डिनल, बिशप, भिक्षू, पैसेवाले, तरणाताठा पोरगा, कुबडीवाला, आणि पाळण्यातून उठलेलं लहान मूल. सगळे मृत्यूकडे चाललेत, आणि तो स्वतःही सांगाडाच, आसनावर बसून वाट बघतोय, शेजारी खणलेला खड्डा, कुदळ, फावडं.

बाईंनी माहितीचं रेकॉर्डिंग लावलं इंग्लिशमधलं, मी आईला भाषांतर करून सांगायला लागले तर आई म्हणाली तू गप, मला दिसतंय. आणि खरंच तिला दिसत होतं! "हा बघ पिशवीत हात घालतोय, लाच देतोय त्याला. तो घेतोय होय." मला तोवर तो पैसेवाला माणूस काय करतोय ते कळलंच नव्हतं. मग "हा कुदळ मारतोय, ही सूत काढतीय, म्हणजे पोटापाण्याला लागले दोघं" हे आदम आणि ईव्हबद्दल. नवरा पीएचडी, त्याला ती ईव्ह आहे हे रेकॉर्डिंगने सांगितल्यावर कळलं :फिदी:

आणि मग बाजूच्या छताला बारा महिन्यांची चित्रं आहेत, कुठल्या महिन्यात कुठलं काम. मार्चच्या चित्रात एक माणूस द्राक्षाची छाटणी करतोय. आई तिथे मान वर करून इतकी वेळ उभी राहिली की किल्लीवाल्या बाईंनी खुर्ची आणून दिली. बाहेर आल्यावर तिचा एकच प्रश्न: "मार्चात छाटतात, मग दुसरी छाटणी कुठल्या महिन्यात काढलीय? मला दिसली नाही." मला काय माहीत! कुणाला माहिती असेल तर सांगा, ती अजून विचारतेय.

पावसाळी_ढग

मस्त लिहिलंय, दशम्या वाचून हसू आलं. पण फोटो??

मीठभाकर

फोटो नाहीत :( मॅप बघून बघून फोन संपला होता आणि नवऱ्याने काढलेत त्यात सगळ्यात आईची पाठ आहे.

अतिशहाणा

लेख छान. एक शंका, गॉथिक गॉथिक म्हणतात या चित्रांना पण तुम्हीच लिहिलंय की कमानी गोल आहेत. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी, उंचच उंच, रंगीत काचा वगैरे. हे तर रोमनेस्क झालं, म्हणजे गॉथिकच्या आधीची गोल कमानींची शैली. शीर्षकात नाही लिहिलंत ते बरं केलंत.

चुनाभट्टी

@अतिशहाणा, दोन्ही बरोबर आहे. इमारत जुनी, बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासची, ती रोमनेस्क पद्धतीची. चित्रं खूप नंतरची, १४९० ची, ती उत्तर-गॉथिक शैलीतली. आपल्याकडे नाही का, देऊळ यादवकालीन, सभामंडप पेशवाईतला आणि वरची फरशी परवाची.

मी ह्रास्तोव्ल्येला गेलेलो नाही पण माझा धंदा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा (म्हणून आयडी), आणि या जागेबद्दल आम्हाला कोर्समधे शिकवलं होतं म्हणून थोडं लिहितो. चित्रकाराचं नाव माहीत आहे ही मोठी गोष्ट, कारण त्या काळच्या असल्या खेड्यातल्या कामांवर नाव क्वचित सापडतं. कास्तावचा योहान, स्लोव्हेनियन लोक यानेझ म्हणतात, कास्ताव आता क्रोएशियात आहे रियेकाजवळ. काम करवून घेतलं कुबेद नावाच्या शेजारच्या गावच्या पाद्र्याने, तोमिच व्रहोविच. हे सगळं भिंतीवर लॅटिनमधे आणि ग्लागोलिती लिपीत लिहून ठेवलंय. ग्लागोलिती म्हणजे स्लाव भाषांसाठीची जुनी लिपी, त्या भागातले पाद्री रोमन अक्षरांऐवजी ती वापरायचे, आणि नंतरच्या शेकडो वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच लिपीत भिंतीवर ओरखडून बरंच काही लिहिलंय.

आणि सगळ्यात भारी गोष्ट: ही चित्रं कित्येक पिढ्या कुणालाच माहीत नव्हती. वर चुन्याचा गिलावा होता. १९४९ साली योजे पोहलेन नावाच्या त्याच गावच्या शिल्पकाराला गिलाव्याखाली रंग सापडले आणि मग पुढची काही वर्षं हळूहळू सगळं मोकळं केलं.

बाराबंदी

म्हणजे पाद्र्यांनीच चुना फासला? आणि आपण म्हणतो आपल्याकडेच देवळांना ऑइलपेंट मारतात :)

चुनाभट्टी

हो पण चुना आणि ऑइलपेंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे बाबा. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. त्याच्याखाली चित्र झोपून राहतं, पाचशे वर्षांनी उठवता येतं. ऑइलपेंटने भिंतीची तोंडं बंद होतात, ओल आतल्या आत खेळते, क्षार वर येतात आणि चित्र पापुद्र्यासकट सुटतं. मी सातारा जिल्ह्यात एका देवळात (नाव घेत नाही, मंडळी नाराज होतील) गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवरचा चकचकीत निळा रंग थोडा उचलून बघितला, त्याच्यासोबत खालचं गणपतीचं अर्धं तोंड हातात आलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

चुन्याने झाकलं म्हणून ह्रास्तोव्ल्ये वाचलं असं म्हटलं तरी चालेल. उघडी राहिली असती तर मेणबत्त्यांची काजळी, पुसापुशी, वर कुणीतरी "नवीन" चित्र काढणं, हे सगळं झालं असतंच. अर्थात झाकतानाही नुकसान होतं, बऱ्याच ठिकाणी नवा गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी जुन्या चित्राला टाचे मारतो, ते टाचे नंतर कायमचे दिसतात, देवीच्या व्रणांसारखे.

गोंयचो_पाव

आमच्याकडे गोव्यात पावसाळा संपला की चर्चना आणि कोपेलांना (छोट्या चर्चना) पांढरा रंग काढायचाच, नाहीतर शेवाळाने काळी पडतात. हे वाचून आता प्रत्येक भिंतीखाली काय असेल असं वाटायला लागलं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात भिंतीवरची चित्रं आहेत बघा, कोणी गेलात तर चुकवू नका. आणि सांगाडे नाहीत पण सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमधे जमिनीत सगळ्या थडग्यांच्याच फरशा आहेत कोरलेल्या, लहानपणी आम्ही त्यांच्यावर पाय न देता उड्या मारत जायचो आणि पाद्रीबाब ओरडायचे.

नर्मदाकाठ

ही मृत्यूच्या नाचाची चित्रं प्लेगमुळे आली ना? १३४७ ला प्लेग आला, निम्मा युरोप मेला, मग सगळीकडे सांगाडे. शाळेत असंच वाचलं होतं.

कडूनिंब

सरळ तसं नाही. निम्मा हाही वरचा अंदाज आहे, पण आकडा सोडा. प्लेगची पहिली मोठी लाट १३४७ ते १३५१. आणि अशा चित्रांमधलं पहिलं माहीत असलेलं मोठं काम पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवरचं, १४२४-२५ चं. मधे सत्तरेक वर्षं गेली. प्लेग नंतरही पुन्हा पुन्हा येतच राहिला हे खरं, त्यामुळे मरण हा रोजचा विषय होता, पण "प्लेग आला आणि लगेच चित्रं काढली" असं नाही झालं. पॅरिसची भिंत नंतर पाडली. जर्मनीतल्या ल्यूबेकमधलं प्रसिद्ध चित्र १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. मोठ्या शहरांतली अशी बरीच गेली आणि कुठल्यातरी खेड्यातलं, ज्याला कुणी विचारत नव्हतं ते राहिलं.

मी बेरामला गेलोय, ते ह्रास्तोव्ल्येचं भावंडच. क्रोएशियात, इस्त्रिया द्वीपकल्पाच्या मधोमध, पाझिनजवळ. गावाबाहेर एक किलोमीटरवर झाडीत श्क्रिलिनाहची सेंट मेरी नावाचं बारकं देऊळ, देऊळच म्हणतो. तिथली चित्रं १४७४ ची, म्हणजे ह्रास्तोव्ल्येच्या सोळा वर्षं आधीची, चित्रकार विन्सेंट, तोही कास्तावचाच. एवढ्याशा गावातून दोन चित्रकार! तिथेही मृत्यूची रांग आहे, पण ती दाराच्या वर. म्हणजे प्रार्थना करून घरी निघालात की वळल्यावर समोर तीच. ही जागा निवडणाऱ्याला मानलं पाहिजे. तीही चित्रं चुन्याखालीच होती, १९१३ ला सापडली. आणि किल्ली तिथेही गावातल्या एकांकडे.

मीठभाकर

बापरे, दाराच्या वर! आमच्या इथली भिंतीवर आहे, बाकावर बसलं की शेजारी. मला तर वाटलं आपण पण रांगेत आहोत.

अतिशहाणा

एक मत मांडतो, रागावू नका. मी फोटो शोधून बघितले. माणसं लाकडाच्या ठोकळ्यासारखी आहेत, घोडे कुत्र्यासारखे, सावली नाही की खोली नाही. १४९० म्हणजे लिओनार्दो मिलानमधे होता. तिथून चारेकशे किलोमीटरवर हे असलं काम चालू होतं म्हणजे मागासलेपणच म्हणायचं. इतिहास म्हणून ठीक, कला म्हणून कशाला डोक्यावर घ्यायचं?

कडूनिंब

घोडे कुत्र्यासारखे हे मान्य :हाहा: पण मिलानच्या ड्यूकचं काम आणि कुबेदच्या पाद्र्याचं काम एका तराजूत घालायचं का? दोघांची गिऱ्हाइकं वेगळी.

चुनाभट्टी

लिओनार्दोचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्याने मिलानला "शेवटचं भोजन" रंगवलं १४९५ ते ९८ च्या दरम्यान. त्याला ओल्या गिलाव्यावर घाईघाईत रंगवणं आवडायचं नाही, म्हणून सुक्या भिंतीवर काहीतरी प्रयोग केला. रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागले. आणि कास्तावच्या योहानने आपलं गुरूने शिकवलेलं चुन्याचं काम निमूट केलं, ते अजून भिंतीला धरून आहे. हुशारी कुणाची हे मी सांगत नाही.

पद्धत अशी की चुना आणि वाळूचा बारीक गिलावा त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच लावायचा, ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग द्यायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. चुकलं तर पुसता येत नाही, फोडून परत लावायचं. त्यामुळे हात चालला पाहिजे झरझर, सावल्या कोरत बसायला वेळ कुठे. काही बारीक तपशील सुकल्यावर वरून देतात, तेच आधी उडतात.

बाराबंदी

मग अजिंठा पण असंच ना? फ्रेस्को म्हणतात ना त्याला.

चुनाभट्टी

म्हणतात, पण नाही. अजिंठ्याला मातीचा गिलावा, त्यात भुसा, तंतू वगैरे, वर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. सुक्यावरचं काम. म्हणून ते जास्त नाजूक. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले हे फार चांगलं केलं, पण वर लाखेचं वार्निश दिलं, ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि ते काढायला नंतरच्या लोकांची हयात गेली.

आजीचा_बटवा

मला तुमच्या आईंचं "तू गप मला दिसतंय" फार आवडलं. आमच्या आजोळी सावंतवाडीकडे पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथी घेऊन यायचे असं आजी सांगायची, एकेक चित्र वर धरायचं आणि गोष्ट गायची. वाचता येत असो नसो, चित्र बघून बाया रडायच्या. आणि जुन्या घरांत ते यमलोकाचं कॅलेंडर असायचं आठवतंय का कुणाला? खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढतायत, मापात मारणाऱ्याला तेलात तळतायत. मी मापात पाप करणाऱ्या वाण्याकडे बघून रोज विचार करायचे याला माहीत आहे का.

मीठभाकर

हो हो, आमच्या चुलत्यांच्या घरी होतं! पण आईने तिथे एक गोष्ट दाखवली ती मला पटली. म्हणाली त्या कॅलेंडरात पाप्यालाच मारतात, चांगला माणूस विमानात बसून वर जातो. इथे तसं नाही, पोप पण त्याच रांगेत आणि ते तान्हं पण. "यात कुणाची चूकच काढलेली नाही" असं म्हणाली. आणि सांगाडे ओढत नाहीयेत कुणाला, हात धरून नेतायत, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून नेतात तसं. पिशवीवाल्यालाही मारत नाहीत. नुसतं चल म्हणतायत.

कडूनिंब

हे फार नेमकं निरीक्षण आहे. बेरामला आणखी एक चित्र आहे त्या रांगेच्या खाली, नशिबाचं चाक, पण नंतर कुणीतरी तिथे खिडक्या पाडल्या त्यामुळे बरंच गेलं. चाकावर निदान वर-खाली तरी होता येतं.

पावसाळी_ढग

ऑगस्टमधे नवरा, दोन पोरं (९ आणि ६) आणि सासूबाई असे स्लोव्हेनियाला जातोय. पोरं घाबरतील का? गाडी नाहीये आमच्याकडे, ट्रेनने होईल का? तिकीट वगैरे?

मीठभाकर

पोरं नाही घाबरणार, आमच्या वेळी एक जर्मन कुटुंब आलं होतं त्यांची मुलं सांगाडे मोजत होती. पण एक सांगते, आत बघायला पाऊण तास पुरे आणि त्यासाठी अर्धा दिवस जातो, त्यामुळे सासूबाईंना आधी कल्पना द्या की राजवाडा नाही, खोली आहे. तिकीट होतं थोडंसं, रोख दिलं आम्ही. रेल्वे आहे, कोपर या बंदराच्या शहराला जाणारी लाइन गावाजवळूनच जाते, पण गाड्या मोजक्या, निघायच्या आधी टाइमटेबल बघा आणि परतीची गाडी पक्की करा, नाहीतर उन्हात अडकाल. त्यापेक्षा कोपरहून टॅक्सी बरी. आणि आधी फोन करा!! कुलूप असतं. पाणी, टोपी न्या. हो, आणि छताची चित्रं बघून मान धरते, छोटा आरसा न्या, आरशात बघायचं, हे मला नंतर सुचलं.

अतिशहाणा

आरशाची आयडिया चांगली आहे. आणि ठीक आहे, चुनाभट्टी यांचा लिओनार्दोचा मुद्दा मान्य. घोड्यांबद्दल मी ठाम आहे.

बागाईतदार

पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. नारायणगावकडे आमची द्राक्षबाग आहे सहा एकर, ताईंच्या आईंचा प्रश्न कुणी घेतलाच नाही म्हणून राहवलं नाही. दुसरी छाटणी चित्रात नाही कारण तिकडे दुसरी छाटणी नसतेच. तिकडे थंडीत वेल पूर्ण झोपतो, पानं गळतात, वेल आपणहून विश्रांती घेतो, मग फेब्रुवारी-मार्चात एकदाच छाटायचं, वसंतात फुटतं, सप्टेंबरात माल. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, वेल झोपतच नाही, म्हणून आपण त्याला फसवतो. एप्रिलात खरड छाटणी, त्यावर काड्या तयार होतात, आणि ऑक्टोबरात फळछाटणी, त्यावर माल येतो. दोन छाटण्या ही आपली गरज आहे, तिकडची नाही. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि तासगावच्या बाईला मार्चातली छाटणी खटकणारच, मार्च म्हणजे आपला माल उतरायचा टाइम!

मीठभाकर

@बागाईतदार दादा तुमचे किती आभार मानू! आईला लगेच फोन करून वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली "म्हणजे वर्षातनं एकदाच फवारणीचं टेन्शन". आणि आता नवीन प्रश्न आहे: त्या चित्रातल्या माणसाच्या हातात काय आहे? ती म्हणते कात्री नक्की नव्हती. मला आठवत नाही, मी तेव्हा नवऱ्याशी आइस्क्रीमवरून भांडत होते.

बागाईतदार

कात्री नसणारच, छाटणीची कात्री फार अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी वाकड्या पात्याचा कोयता, आपला आकडीचा असतो तसा काहीतरी. पण चित्रात काय ते बघूनच सांगावं लागेल.

पावसाळी_ढग

आम्ही ऑगस्टमधे जाऊन आलो! फोन करून गेलो होतो त्यामुळे उघडं मिळालं. मुलांनी सांगाडे मोजले, प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि त्यावरून गाडीत मारामारी. सासूबाईंना राणी आवडली. हातातलं अवजार बघायचं मी साफ विसरले, सॉरी सॉरी.

सह्यवेडा

जुना धागा वर काढतोय. मी सध्या ऑस्ट्रियात ग्राट्झला आहे, हा धागा मागच्या वर्षी वाचला होता आणि डोक्यात राहिला होता. मागच्या शनिवारी कोपरला काम होतं तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून गेलो, आईंसाठी अवजार बघून येऊ म्हटलं. कुलूप. फलकावरचा नंबर तीनदा लावला, कुणी उचलला नाही. दोष माझाच, आधी फोन करा असं इथे दोन उद्गारचिन्हं देऊन लिहिलेलं वाचूनही केला नाही. कोटाला दोन फेऱ्या मारल्या, मनोऱ्याचं टोक बघितलं, दाराच्या फटीतून बघितलं तर आतलं अंगण आणि दुसरं दार.

मग खाली रस्त्यापर्यंत आलो तर कोटाच्या खालच्याच मळ्यात एक आजोबा द्राक्ष छाटत होते. मार्च चालू आहे ना! भाषा येत नाही, मी वर चर्चकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या हाताकडे, ते हसले. हातात लाल मुठीची साधी कात्री होती. विचारून एका वेलीचा जवळून फोटो काढलाय, चित्राचा नाही मिळाला तर हा तरी, म्हणून इथे टाकतोय.

बागाईतदार

वा! काडीची जाडी बघा, पेन्सिलीएवढी, झकास. धन्यवाद राव.

मीठभाकर

सह्यवेडा, किती लांबून केलंत हो! आईला फोटो पाठवला व्हॉट्सअॅपवर. मोठा करून बघितला, शेजारच्या काकांनाही दाखवला, आणि संध्याकाळी फोन आला (डोळा म्हणजे काडीवरची फुटीची जागा). म्हणाली "दोन डोळ्यांवर मारलंय. बरोबर आहे म्हाताऱ्याचं."